के-सीरीज इंजिन: मागचा बिल्ला सोडा, आरसीवरचा नंबर वाचा

मारुतीच्या गाडीच्या मागच्या दारावर 'के-सीरीज' लिहिलेलं दिसलं की विकणारा म्हणतो, "इंजिनचं टेन्शन नाही." बऱ्याच अंशी ते खरंही आहे. अडचण एवढीच की या एका नावाखाली तीन सिलिंडरचं साधं इंजिन आहे, चार सिलिंडरचं आहे, टर्बो लावलेलं आहे, एका सिलिंडरला दोन इंजेक्टर असलेलंही आहे. या सगळ्यांचा स्वभाव वेगळा, दुखणी वेगळी, आणि सेकंडहँड बाजारात त्यांना मिळायला हवी ती किंमतही वेगळी. त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा आधी आरसी हातात घ्या. इंजिन नंबरची पहिली चार अक्षरं म्हणजे इंजिनचा कोड: के१०बी, के१२एम, के१२एन, के१५बी, के१५सी. पुढचं सगळं बोलणं या चार अक्षरांवर अवलंबून आहे.

एक मोठा अपवाद लक्षात ठेवा. के१०सी हा कोड दोन अगदी वेगळ्या इंजिनांना आहे. सेलेरिओ, ऑल्टो के१० आणि वॅगनआरमधलं के१०सी बिनटर्बोचं, ६७ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप, साधारण अश्वशक्तीएवढं). फ्रॉन्क्समधलं के१०सी म्हणजे टर्बो असलेलं बूस्टरजेट, १०० पीएसचं. कोडवरून पार्ट मागवताना इथे हमखास घोळ होतो. म्हणून के१०सीच्या गाडीला सुटा भाग घेताना चासी नंबर दिल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरा गैरसमज ग्रँड विटाराचा. तिच्या माइल्ड हायब्रिड आवृत्तीत के१५सी आहे. स्ट्राँग हायब्रिडमधलं १,४९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मात्र टोयोटाचं, ते या कुटुंबातलं नाही. उलट बाजूने, टोयोटाचा बिल्ला लावलेल्या ग्लान्झा आणि रुमियनमध्ये हीच सुझुकीची के इंजिनं आहेत, फक्त मागे तसं लिहिलेलं नसतं. ग्लान्झाला आणि बलेनोला इंजिनाच्या बाबतीत वेगळं मानू नका.

एकच बोअर, वेगवेगळा स्ट्रोक

भारतात हे कुटुंब २००८च्या नोव्हेंबरात ए-स्टारमधून आलं, ते के१०बी. २००९मध्ये रिट्झबरोबर के१२एम आलं आणि २०१०मध्ये ते स्विफ्टमध्ये बसलं. स्विफ्टमधलं आधीचं १,२९८ सीसीचं जी१३बीबी त्यामुळे गेलं. यामागे कराचा हिशोब होता: चार मीटरच्या आतली लांबी आणि १,२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर उत्पादन शुल्क कमी लागत होतं. के१२एम १,१९७ सीसीवर थांबलं त्याचं कारण हे.

आता मापं बघा. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल. के१०बीचा बोअर ७३ मिमी, स्ट्रोक ७९.५. के१२एमचा बोअर तोच ७३, स्ट्रोक ७१.५. जुन्या एर्टिगा आणि सियाझमधल्या के१४बीचाही बोअर ७३, स्ट्रोक ८२. म्हणजे पिस्टनची रुंदी एकच, बदलला तो स्ट्रोक आणि सिलिंडरची संख्या. गाडी चालवताना जाणवणारा फरक बराचसा इथूनच येतो. के१२एममध्ये स्ट्रोक बोअरपेक्षा लहान आहे, म्हणून ते मोकळेपणाने वर फिरतं आणि ४,००० आरपीएमच्या पुढे खुलतं, पण खाली १,५००ला दमच नसतो. के१०बीमध्ये स्ट्रोक लांब आहे. टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, फक्त ९० न्यूटन-मीटर, पण तो ३,५००लाच मिळतो, आणि गाडीही हलकी. म्हणूनच शहरात, सिग्नलमागून सिग्नल, जुनी वॅगनआर तिच्या आकड्यांपेक्षा चपळ वाटते.

याचा व्यवहारातला अर्थ असा: के१२एमची गाडी चौथ्या गिअरमध्ये ३५च्या वेगाने रेटू नका. इंजिन गुरगुरतं, चढाला ठोके देतं, आणि लोक पेट्रोलला दोष देतात. दोष गिअरचा आहे. खंबाटकीला किंवा आंबोलीला चार माणसं, सामान आणि एसी असेल, तर सरळ गिअर पाडून ३,००० ते ४,०००च्या दरम्यान इंजिन फिरत ठेवा. त्याचा जन्मच त्यासाठी आहे, त्यात इंजिनाचं काहीही बिघडत नाही.

के१२एम: कुटुंबातलं सर्वात भरवशाचं

या कुटुंबातलं कोणतं इंजिन डोळे मिटून घ्यावं, असं विचारलंत तर उत्तर के१२एम. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पहिली बलेनो हॅचबॅक, इग्निस, २०१९ची १.२ वॅगनआर, इतक्या गाड्यांत ते बसलं की आज तालुक्याच्या गावातल्या गॅरेजवाल्यालाही ते पाठ आहे. गाडी आणि वर्षाप्रमाणे ताकद ८३ ते ८७ पीएस, टॉर्क ११३ ते ११५ न्यूटन-मीटर.

रचना अशी: ॲल्युमिनियमचा ब्लॉक, आत बिडाचे लायनर, वर दोन कॅमशाफ्ट आणि सोळा व्हॉल्व्ह, प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल, आणि टायमिंगला पट्ट्याऐवजी चेन. इंधन इनटेक पोर्टमध्ये पडतं, थेट सिलिंडरमध्ये नाही, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनेच धुतले जातात आणि कार्बनचा थर जमत नाही. वॉटर पंप बाहेरच्या पट्ट्यावर आहे. तो गळायला लागला तर चेनला हात न लावता बदलता येतो. ज्यांनी टायमिंग बेल्टवर पंप असलेल्या गाडीचं बिल भरलंय, त्यांना याची किंमत कळेल.

चेन आहे म्हणून ती 'लाइफटाइम' असं शोरूममध्ये सांगतात. ते अर्धंच खरं. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर आणि योग्य ग्रेडचं असेल तर दोन लाख किलोमीटरलाही चेन शांत असते. ऑइल जाडसर होऊन काळं पडलं, त्याचा गाळ झाला, की टेन्शनरला दाब उशिरा पोचतो. मग सकाळी पहिल्या सेल्फला दोन-तीन सेकंद 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि थांबतो. हा आवाज आला की चेन किटचा खर्च दारात उभा आहे असं समजा. एक सेकंदाच्या आत थांबला तर ऑइल आणि फिल्टर बदलून पुढचे दोन-तीन थंड स्टार्ट ऐका. बरेचदा तेवढ्याने जातो. पाच सेकंद राहिला किंवा इंजिन गरम झाल्यावरही ऐकू आला, तर चेन, टेन्शनर आणि गाइड असं पूर्ण किट एकदमच बदला. नुसता टेन्शनर बदलून पैसे वाचत नाहीत, लेबर दोनदा पडते.

ऑइल, आणि पुन्हा ऑइल

के इंजिनांचं निम्मं आयुष्य ऑइलवर ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

के१२एममध्ये फिल्टरसकट ३.१ लिटर ऑइल बसतं, के१०बीमध्ये त्याहून थोडं कमी. एवढ्या थोड्या ऑइलवर सोळा व्हॉल्व्ह, चेन आणि व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) चालतं. अर्धा लिटर कमी झालं तर तो सहावा हिस्सा गेला. म्हणून महिन्यातून एकदा दांडी बघा: सपाट जागा, इंजिन गरम करून बंद केलेलं, पाच मिनिटं थांबायचं, दांडी पुसून परत घालून बघायची. वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं ऑइल फिरता क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि तो ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) इनटेकमध्ये जातो.

ग्रेड: जुन्या के१०बी आणि के१२एमला ५डब्ल्यू-३० चांगलं चालतं. के१२एन, के१५सी आणि नव्या के१०सीला ०डब्ल्यू-२०. नव्या इंजिनात 'आपल्याकडे उन्हाळा कडक असतो' म्हणून २०डब्ल्यू-५० घालणारे मेस्त्री अजून आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, परिणाम वाईट. या इंजिनांमधल्या ऑइलच्या वाटा अरुंद आहेत. जाड ऑइल थंड इंजिनात वर कॅमपर्यंत उशिरा पोचतं, आणि व्हीव्हीटीचा सोलेनॉइड अडखळतो.

कंपनीचा हिशोब १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. हायवेवर पळणाऱ्या गाडीला हा बरोबर आहे. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये, रोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत, इंजिन नीट तापतच नाही. कच्चं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळत राहते. अशा गाडीला ७,०००ला ऑइल बदललेलं उत्तम. तीन लिटर ऑइल आणि एक फिल्टर, एवढाच जादा खर्च.

स्वतः बदलणार असाल तर ड्रेन प्लग ३५ न्यूटन-मीटरवर, आणि वॉशर दर वेळी नवा. सॅम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, गळायला लागण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे जुना वॉशर आणि लांब पान्याने दिलेला जादा जोर. आटे गेले की सॅम्प बदलावा लागतो. फिल्टरच्या रबराला नवं ऑइल लावून हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग पाऊण फेरी. फिल्टरला पाना लावून आवळायचा नाही.

ऑइलकडे दुर्लक्ष झालेल्या के१२एममध्ये पुढचा टप्पा म्हणजे चेक इंजिन लाइट आणि स्कॅनरवर पी००११. अर्थ, इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे गेलाय. गॅरेजवाला लगेच व्हीव्हीटी पुली बदलायला सांगेल. आधी ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून साफ करा, त्यात गाळ अडकलेला असतो. मग नवं ऑइल आणि फिल्टर घालून कोड पुसा. परत आला तर व्हॉल्व्ह बदला. पुलीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि बहुतेक वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही.

जे वारंवार बिघडतं

आयडलला आरपीएम खाली-वर होणं, सिग्नलला गाडी बंद पडणं, एसी लावला की दचका बसणं: ४०-५० हजारांनंतर याचं पहिलं कारण थ्रॉटल बॉडीतला कार्बन. बॅटरीची निगेटिव्ह काढा, एअर फिल्टरकडून येणारा पाइप सोडवा, थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारून फ्लॅपची कड आणि मागचा भाग पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर फ्लॅप बोटाने जोरात ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. थेट फवारा मारून पूर आणू नका, क्लीनर सेन्सरमध्ये जातो. जोडल्यावर चावी ऑन करून थोडं थांबा, मग सेल्फ मारा, आणि एसी-दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण तापेपर्यंत आयडलला राहू द्या. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नवी स्थिती शिकतो. तेवढ्याने बसलं नाही तर स्कॅनरने थ्रॉटल लर्निंग करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

मिसफायर, म्हणजे पी०३०१ ते पी०३०४. शेवटचा आकडा सिलिंडरचा. कॉइल विकत घ्यायच्या आधी ही चाचणी करा: पी०३०२ येत असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेलेली आहे. पी०३०२च राहिला तर कॉइल चांगली आहे; मग त्या सिलिंडरचा प्लग, इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन बघायचं. कॉइल काढताना रबराच्या नळीला खाली ऑइल लागलेलं दिसलं, तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या विहिरींभोवतीची सील गेलेली आहेत. नवी कॉइल त्याच ऑइलमध्ये बसवलीत तर सहा महिन्यांत तीही जाईल. आधी गॅस्केट, मग कॉइल.

साधे प्लग ४०,०००ला बदला, गॅप १.० ते १.१ मिमी. इंजिन गरम असताना प्लग काढू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे निघून येतात.

ॲव्हरेज अचानक दोन-तीन किलोमीटरने पडलं आणि दुसरं काही सापडत नसेल, तर थर्मोस्टॅट बघा. तो उघडा अडकला की इंजिन तापत नाही, ईसीयू थंड समजून पेट्रोल जास्त देत राहतो. ओळखायची सोपी युक्ती: गाडी सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांत रेडिएटरच्या वरच्या पाइपला लांबून हात लावून बघा. इंजिन तापायच्या आतच तो हळूहळू कोमट होत असेल तर थर्मोस्टॅट उघडा आहे. नीट असेल तर पाइप थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. पाइपला हात लावताना पंख्यापासून दूर राहा, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंटमध्ये नळाचं पाणी मात्र घालू नका. ॲल्युमिनियमच्या हेडला आतून खार धरतो आणि पुढचं बिल हेड गॅस्केटचं असतं.

के१०बी आणि तीन सिलिंडरचा थरथराट

के१०बीचं दुखणं बहुतेक वेळा इंजिनचं नसून माउंटिंगचं असतं. ६८ पीएसचं हे तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला हलणारच. नव्या गाडीत ते रबरी माउंटिंग शोषून घेतात. ६०-७० हजारांनंतर रबर बसलं की स्टीअरिंग आणि आरसा थरथरतात, एसी लावला की डॅशबोर्ड वाजतो. लोक ट्यूनिंग करतात, प्लग बदलतात, फरक पडत नाही. बॉनेट उघडून, कोणालातरी ब्रेक दाबून हाफ क्लचवर गाडी किंचित पुढे-मागे करायला सांगा आणि इंजिनकडे बघा. ते उसळत असेल तर माउंटिंग बदला. तिन्ही एकदम. एकच नवं लावलं तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि ते लवकर फाटतं. बाकी हे इंजिन चिवट आहे.

ड्युअलजेट: के१२एन आणि बिनटर्बोचं के१०सी

२०१९च्या बलेनोत के१२एन आलं, २०२०मध्ये डिझायरला, २०२१मध्ये स्विफ्टला. सीसी तेच १,१९७, ताकद ९० पीएस, टॉर्क ११३. नाव 'ड्युअलजेट', कारण प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर, इनटेक व्हॉल्व्हच्या अगदी जवळ. फवारा बारीक पडतो, पेट्रोल भिंतीला चिकटत नाही, त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं) १२पर्यंत नेता आला. दोन्ही कॅमना व्हीव्हीटी, थंड केलेला ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी सोय), पिस्टनला खालून ऑइलचा फवारा. चालवायला के१२एमपेक्षा गुळगुळीत, ॲव्हरेजला सरस, फरक सरळ दिसतो.

किंमत मोजावी लागते ती साधेपणाची. इंजेक्टर चाराऐवजी आठ, व्हीव्हीटीचे सोलेनॉइड एकाऐवजी दोन, वर ईजीआरचा व्हॉल्व्ह, जो फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीत कार्बनने जड होतो. या गाडीला महिन्यातून एकदा तरी अर्धा तास हायवे दाखवा, खालच्या गिअरमध्ये ३,५००-४,०००वर. आणि पेट्रोल खात्रीच्या, चालू पंपावरच भरा. १२च्या कॉम्प्रेशनला भेसळ के१२एमपेक्षा लवकर जाणवते. नॉक सेन्सर इंजिन वाचवतो, पण त्यासाठी टायमिंग मागे खेचतो आणि पिकअप मरतो.

के१०सी ड्युअलजेट हेच तत्त्व तीन सिलिंडरवर आणतं: ६७ पीएस, ८९ न्यूटन-मीटर. २०२१च्या सेलेरिओत ते आलं तेव्हा एजीएसच्या (आपोआप गिअर बदलणाऱ्या) एका आवृत्तीचं ॲव्हरेज कंपनीने २६.६८ सांगितलं होतं. रस्त्यावर तेवढं कोणी धरू नये, पण के१०बीपेक्षा ते काटकसरी आहे यात शंका नाही. ताकद मात्र वाढलेली नाही. भरल्या गाडीने घाट चढायची सवय असेल तर वॅगनआर १.२ घ्या, १.० नको.

ज्या आवृत्तीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद-सुरू होतं, तिची बॅटरी बदलताना त्याच जातीची घ्या. वारंवार सेल्फ घेण्यासाठी बनवलेली बॅटरी महाग असते म्हणून साधी बसवणारे खूप आहेत. ती वर्षभरात मान टाकते.

स्विफ्टने मे २०२४पासून के-सीरीज सोडली. नव्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं झेड१२ई आहे, ८२ पीएसचं. चार सिलिंडरची गुळगुळीत चाल हवी असेल, तर २०२१ ते २०२४च्या सुरुवातीपर्यंतची वापरलेली स्विफ्ट शोधणं शहाणपणाचं.

के१५: कुटुंबकबिल्यासाठी

१,४६२ सीसी, बोअर ७४, स्ट्रोक ८५. के१५बी २०१८च्या सियाझ आणि एर्टिगात आलं, १०५ पीएस आणि १३८ न्यूटन-मीटर. २०२२पासून एर्टिगा, एक्सएल६ आणि ब्रेझाला के१५सी मिळालं, त्यात ड्युअलजेट आहे: १०३ पीएस, १३६.८ न्यूटन-मीटर. आकडे किंचित घटले, ॲव्हरेज वाढलं. जिम्नी २०२३मध्ये येऊनही के१५बीच घेऊन आली.

सपाट रस्त्यावर दोन्ही शांत, समंजस. सात माणसं आणि कॅरिअरवर सामान घेतलेली एर्टिगा बोरघाटात नेली तर मात्र इंजिन जीव तोडून ओढतंय हे कळतं, आणि ओव्हरटेकला आधीच गिअर पाडून ठेवावा लागतो. के१५सीमध्ये हे थोडं जास्त जाणवतं, कारण त्याचा कल काटकसरीकडे आहे. डिझेल एर्टिगावरून यावर आलेला माणूस पहिले सहा महिने नाराज असतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

स्मार्ट हायब्रिड आवृत्तीत अल्टरनेटरच्या जागी आयएसजी, म्हणजे स्टार्टर आणि जनरेटर एकत्र, असतो. तो वीज तयार करतो, इंजिन परत सुरू करतो आणि वेग घेताना थोडा हातभारही लावतो. हे सगळं एका पट्ट्यावर चालतं. त्यामुळे हा पट्टा साधा अल्टरनेटरचा समजून दुसऱ्या मापाचा लावू नका, आणि बदलताना टेन्शनर तपासा. सिग्नलवरून परत सुरू होताना 'चूंक' असा आवाज येत असेल तर पट्टा घसरतोय.

बूस्टरजेट: मजा आहे, पण शिस्त हवी

२०१७च्या बलेनो आरएसमध्ये १०२ पीएस आणि १५० न्यूटन-मीटर, २०२३च्या फ्रॉन्क्समध्ये १०० पीएस आणि १४७.६ न्यूटन-मीटर. टॉर्क २,०००लाच मिळतो आणि ४,५००पर्यंत टिकतो, म्हणजे के१२च्या अगदी उलट स्वभाव. घाटात या कुटुंबात सर्वात सुखाने चढणारं इंजिन हेच.

इथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, आणि ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ त्यांच्यावर थर धरते. ८०,०००च्या पुढे थंड स्टार्टला थरथर आणि पिकअप कमी झाल्यासारखा वाटला तर मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह बघावेत. टाकीत ओतायची 'इंजेक्टर क्लीनर'ची बाटली इथे उपयोगाची नाही, ती व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. घाट चढून आल्यावर किंवा जोरात पळवल्यावर इंजिन एकदम बंद करू नका. मिनिटभर आयडलला ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागीच जळतं. ऑइल ७,५००च्या पुढे नेऊ नका.

बलेनो आरएस घेत असाल तर एप्रिल २०२३चा रिकॉल झाला आहे का ते चासी नंबरवरून वर्कशॉपमध्ये तपासा. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपासाठी ७,२१३ गाड्या बोलावल्या होत्या. पंप बिघडला तर ब्रेक पेडल जड होतं, हा दुर्लक्ष करण्याचा विषय नाही. तसंच नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०१९मधली वॅगनआर १.० आणि जानेवारी ते नोव्हेंबर २०१९मधली पेट्रोल बलेनो यांना इंधन पंपाचा रिकॉल होता, जुलै २०२०मध्ये, एकूण १,३४,८८५ गाड्या. काम फुकट होतं, फक्त ते झालेलं आहे ना हे बघायचं.

सीएनजी

महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वापरलेल्या के-सीरीज गाड्यांत सीएनजीच्या इतक्या आहेत की हा विषय वेगळा घ्यायलाच हवा. कंपनीच्या किटवर ताकद अशी उतरते: के१०सी ६७वरून ५७ पीएस, के१२एन ९०वरून ७७.५, के१५सी १०३वरून ८८. घाटात हा फरक चांगलाच जाणवतो, तेव्हा सीएनजी एर्टिगा घेताना कुटुंब किती मोठं आहे ते आधी मोजा.

बाहेरून बसवलेल्या किटची खरी कसोटी के१०बी आणि के१२एमच्या टॅपेटवर (कॅम आणि व्हॉल्व्हमधली वाटी) लागते. या इंजिनांत फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक ॲडजस्टर नाहीत. कॅम थेट भरीव टॅपेटवर बसतो. सीएनजी कोरडा वायू आहे, तो व्हॉल्व्ह आणि सीटला थंडावा देत नाही. मिश्रण पातळ ठेवलं असेल तर तापमान आणखी चढतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो, आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट वाढली तर टकटक आवाज येतो, कमी झाली तर इंजिन उलट शांत होतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. मग एक दिवस गरम इंजिन सेल्फला लवकर उचलत नाही, आयडलला एक सिलिंडर चुकतं, सीएनजीवर जास्त आणि पेट्रोलवर कमी. तोपर्यंत व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा झालेला असतो आणि त्याची कड जळायला लागते.

उपाय वेळेवर केला तर स्वस्त आहे. दर ४०,०००ला थंड इंजिनावर कव्हर काढून फिलर गेजने फट मोजायची. कमी असेल तर कॅम काढून त्या जागी पातळ टॅपेट बसवायचं. टॅपेट वेगवेगळ्या जाडीत मिळतं, जाडीचा आकडा त्याच्या आतल्या बाजूला असतो. कॅम काढायचा म्हणजे चेनचं टायमिंग जागेवर ठेवावं लागतं, त्यामुळे हे काम के इंजिन उघडलेल्या माणसाकडेच द्या. जुनं टॅपेट घासून पातळ करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. वरचा कठीण थर गेला की ते कॅमलाच खातं.

सीएनजी गाडी सुरुवातीला पेट्रोलवर सुरू होते आणि तापली की गॅसवर जाते. 'पाच किलोमीटर झाले तरी गॅसवर जात नाही' ही तक्रार आली की सीएनजी किटवाल्याकडे धावण्याआधी वर सांगितलेला थर्मोस्टॅट तपासा. आणि किट कोणतंही असो, आरसीवर सीएनजीची नोंद आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

वापरलेली गाडी बघायला जाताना

इंजिन थंड असताना जा. मालकाला आधीच सांगा की सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या. पहिला सेल्फ स्वतः ऐका. ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा: कॅमचा भाग मधाच्या रंगाचा असेल तर छान, काळा डांबरी थर असेल तर किंमत चेन किटएवढी खाली मागा किंवा उठा. झाकणाखाली दुधासारखा फेस पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही येतो, पण कूलंटच्या टाकीतही तवंग असेल तर हेड गॅस्केट गेलंय. उतारावर गिअरमध्ये पाय सोडून गाडी येऊ द्या आणि मग एकदम रेस द्या, आरशात निळा धूर दिसला तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंग. नंतर स्कॅनर लावा. कोड काहीच नसतील आणि सगळे मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) 'अपूर्ण' दाखवत असतील, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेले असण्याची शक्यता मोठी.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी असेल तर एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी गाळाची रेघ राहते, डबा उघडून बोट फिरवून बघा. आणि स्वतःची गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या, सगळे प्लग काढून क्रँक हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या, ऑइल आणि फिल्टर बदला, आणि त्यानंतरच सेल्फ द्या.